मुलांनी बाहेरचं जग बघितलेलंच नाही, असं म्हणण्याआधी

नमस्कार सर. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला दोनशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी मिळून २३ मुलं, शाळेत स्मार्ट टीव्ही आहे पण नेट कधी असतं कधी नसतं, मुलांना बाहेरच्या जगाची काही कल्पनाच नाही, म्हणून एखाद्या फॉरेनच्या शाळेशी व्हिडिओ कॉल जोडून द्यायचाय, तर वेबसाइट कुठली चांगली आणि मुलांना इंग्रजी येत नाही त्याचं काय करायचं. मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर २१ वर्षं शिकवतेय, आधी जत, मग तासगाव आणि आता खानापूर तालुका. तेवढ्या वर्षांत जे हाताला लागलं ते सांगते. कॉलचंही सांगते पण ते जरा नंतर, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेबसाइटचा नाहीये.

"मुलांना बाहेरच्या जगाची कल्पना नाही" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, मीही दहा वर्षं म्हणत होते. पण उद्या वर्गात एकदा विचारून बघा, कुणाकुणाचे वडील, चुलते, मामा मुंबईला आहेत. जावळी-पाटणच्या बाजूला घरटी एक माणूस तरी वाशीच्या मार्केटला नाहीतर मस्जिद बंदरला माथाडी कामाला गेलेला असतो. १९६९ ला माथाडी कायदा झाला, त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील तुमच्या शेजारच्या पाटण तालुक्यातलेच. म्हणजे तुमच्या २३ पैकी बरीच मुलं मे महिन्यात कोपरखैरणे, घणसोलीला राहून आलेली असणार, लोकलच्या गर्दीत आईचा पदर धरून उभी राहिलेली असणार. आणि ज्या वाशीच्या फळ मार्केटमध्ये त्यांचा काका पेट्या उचलतो तिथं काश्मीरचं सफरचंद येतं, न्यूझीलंडचं किवी येतं. जगभरची फळं त्या काकाच्या पाठीवरून जातात आणि त्याचा पुतण्या आपल्या वर्गात "बाहेरचं काही माहीत नसलेला" म्हणून बसलेला असतो. तो बोलत नाही कारण आपण त्याला कधी विचारलेलंच नाही, पुस्तकात जे आहे तेच शाळेत बोलायचं असतं असं त्याला वाटतं.

दुसरं म्हणजे तुमच्या खिडकीतलं पाणी. कोयना प्रकल्पाची वीज १९६० मेगावॉट, ते पाणी डोंगराखालच्या बोगद्यातून पलीकडं कोकणात पोफळीला उतरतं आणि तिथल्या विजेवर कुठले कुठले कारखाने चालतात. त्या पाण्याखाली कुणाच्या तरी आजीचं माहेर आहे. धरणात गेलेल्या गावांची माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी कुठं कुठं वसवली गेली. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुन्या गावचे भावकीतले लोक आता कुठं आहेत. त्यातल्या एखाद्या गावच्या शाळेला मुलांनी पत्र लिहिलं तर ते कुणा अनोळखी परदेशी शाळेला लिहिल्यासारखं होणार नाही, त्यात विचारायला खरंच काहीतरी असेल.

आता हे सगळं परिस्थितीवर आहे हे आधीच कबूल करते. माझ्याकडं सध्या तिसरी-चौथी आहे म्हणून मला काही गोष्टी सोप्या जातात, तुमच्याकडं चारी इयत्ता एका खोलीत असतील तर पहिलीच्या पोराला "देश" म्हणजे काय हे समजावण्यात वेळ घालवू नका. सहा वर्षांच्या मुलाला सातारा आणि अमेरिका सारखंच लांब असतं. त्याला फक्त "तो माणूस काय खातो, कुठं झोपतो, त्याच्याकडं पण कुत्रं आहे का" एवढ्यात रस असतो आणि तेवढं पुरेसं आहे. अंतर, नकाशा, वेळेचा फरक हे तिसरीपासून धरायचं, तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतोच, त्याला जोडूनच करता येतं, वेगळा तास काढावा लागत नाही. सोबतचे शिक्षक कसे आहेत यावरही खूप अवलंबून, ते जर म्हणाले की आधी वाचन-गणित बघा तर त्यांचंही चुकत नाही, म्हणून मी जे करते ते भाषा आणि गणितातच बसवते.

आता व्हिडिओ कॉलचा माझा अनुभव सांगते. तासगाव तालुक्यात असताना, आठेक वर्षं झाली असतील, युरोपातल्या एका शाळेशी कॉल ठरला. तीन आठवडे तयारी केली, माय नेम इज, आय लिव्ह इन, माय फेव्हरिट फ्रूट इज ग्रेप्स. मुलं इस्त्रीचे कपडे घालून आली, गावातली मोठी माणसं आली, फोटो काढायला चार-पाच मोबाइल. कॉल लागला, मुलांनी एकामागून एक पाठ केलेलं म्हटलं, टाळ्या वाजल्या. मग तिकडच्या एका मुलीनं विचारलं की तुमच्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं? मी मराठीत सांगितलं. सगळी गप्प. चौथीतला एक मुलगा होता, घरची दोन एकर द्राक्षबाग, एरवी वर्गात सगळ्यात बडबड्या, तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर बाईंनी लिहून दिलेलं नाही, मग काय बोलायचं? खिडकीबाहेर बागच होती, ब्लोअरनं फवारणी चालली होती, त्याचा आवाज कॉलमध्येसुद्धा येत होता. तेवढ्यात नेट गेलं आणि कार्यक्रम संपला. नंतर सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मला त्या मुलाचा चेहरा आठवत राहिला. तीन आठवडे मी त्याला जगासमोर उभं राहायला शिकवलं आणि स्वतःच्या खिडकीतून बघायला एकदाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी तोच प्रश्न वर्गाला परत दिला. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं खिडकीतून बघायचं आणि दिसेल ते लिहायचं, पाच दिवस. पहिल्या दिवशी सगळ्यांचं "झाड, रस्ता, बाग." तिसऱ्या दिवशी त्या मुलानं लिहिलं, "बुलोरवाला दादा तोंडाला रुमाल बांदतो कारन औशद नाकात जातं. डब्यावर रंगीत तिकोन आहे. माझे पप्पा रुमाल बांदत नाहीत." शुद्धलेखन मी तसंच ठेवलं. खाली चित्रं काढली, मी इंग्रजीत साधं भाषांतर करून त्या शाळेला पाठवलं. महिन्याभरानं तिकडून त्यांच्या खिडकीची चित्रं आली, बर्फात अर्ध्या बुडालेल्या सायकली, आणि एक प्रश्न आला की तुझे पप्पा रुमाल का बांधत नाहीत? त्या पोरानं ते पत्र घरी नेलं. पुढं घरात काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण वडील मला भेटायला शाळेत आले आणि पत्र कुठून आलं ते नकाशावर दाखवा म्हणाले.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते. मुलाकडं सांगायला स्वतःचं काहीतरी पाहिजे आणि विचारायला स्वतःचं काहीतरी पाहिजे, मग समोरचा माणूस परदेशातला असो नाहीतर पलीकडच्या तालुक्यातला. हे नसेल तर कॉल म्हणजे नुसतं गॅदरिंग.

खानापूरला बदली झाल्यावर मला हे फार सोपं झालं कारण इथलं गावच देशभर पसरलेलं आहे. विटा, खानापूर, आटपाडी हा भाग गलाईवाल्यांचा. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा, त्यासाठी इथली माणसं तमिळनाडू, केरळ, बंगाल, उत्तर प्रदेश कुठं कुठं जाऊन राहिलीत, यात्रेला तेवढी गावी येतात. मी भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावला आणि प्रत्येकानं आपल्या गावापासून आपल्या माणसाच्या गावापर्यंत लोकरीचा दोरा टाचणीनं लावायचा. एक मुलगा नकाशापाशी बराच वेळ शोधत उभा होता, म्हणाला, "बाई, कोइमतूर म्हंजी कोल्लापूरच्या पल्याडच न्हवं?" वडील सहा वर्षांपासून तिथं आणि त्याला वाटायचं दोन्ही नावं 'को'नंच सुरू होतात म्हणजे जवळजवळच असणार. दोरा लावून झाल्यावर त्यानं तो बोटांनी मोजला, मग कोल्हापूरचा मोजला, आणि गप्प जागेवर जाऊन बसला. त्याला त्या दिवशी पप्पा किती लांब आहेत ते कळलं, आणि मला वाईटही वाटलं, हे लपवत नाही. अशा वेळी घाईनं दुसऱ्या मुलाकडं वळू नका, थोडं थांबा त्याच्याजवळ.

मग आम्ही त्याच्या वडिलांना फोन केला, साधा व्हॉट्सॲप कॉल, स्पीकरवर, दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. प्रश्न मुलांनीच काढलेले. तिथं भाकरी मिळते का, मिळाली तर कशाची. पाऊस कधी पडतो (तिकडं आपली दिवाळी येते त्या सुमाराला जोराचा पाऊस असतो हे ऐकून सगळे चकित). दुकानाच्या पाट्या कुठल्या अक्षरात. त्यांनी पाटीचा फोटो पाठवला, मुलांनी ती अक्षरं आपापल्या लिहायच्या पाटीवर गिरवली, आणि ते म्हणाले की तमिळमध्ये क, ख, ग, घ ला मिळून एकच अक्षर असतं. यावर एक मुलगी म्हणाली, "मग त्यांचं शुद्धलेखन लवकर हुतं आसंल." वीस मिनिटांत भाषा, भूगोल, हवामान सगळं झालं आणि एकही इंग्रजी शब्द लागला नाही. आणि ज्याचे वडील बोलले तो मुलगा आठवडाभर वर्गात मान वर करून बसायचा.

जतला असतानाचं पण सांगते, कारण तुमच्याकडं नसतील तरी कुणाच्या तरी वर्गात अशी मुलं असतात. तिकडं दिवाळीनंतर वर्ग रिकामा व्हायचा, आईबाप ऊसतोडीला, मुलं बरोबर. परत आली की आम्ही त्यांचं काय बुडालं तेवढंच मोजायचो. त्या मुलांनी नदीकाठचे कारखाने बघितलेले, कर्नाटकातल्या फडात राहून कन्नड उचललेलं, कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहणं म्हणजे काय हे त्यांना माहीत. शिक्षण बुडतं ते बुडतंच, त्यात चांगलं काही नाही आणि मी त्याला चांगलं म्हणणार पण नाही. पण आल्या आल्या पहिला आठवडा त्यांना सांगू द्या आणि बाकीच्यांना लिहून घेऊ द्या, मग ते मूल "मागं पडलेलं" म्हणून वर्गात शिरत नाही.

आता पृथ्वीच्या गोलाचं. तुमच्या शाळेत गोल असेल तर कपाटातून काढा, बऱ्याच शाळांत तो धूळ खात असतो. तासगावला असताना गोलाचा वापर कधी केला नाही, खानापूरला आल्यावर केला, कारण इथंही काहींच्या द्राक्षबागा आहेत. दोन-अडीच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मुलांना एका पॅकहाउसला, म्हणजे द्राक्षं डब्यांत भरतात तिथं, नेलं. अर्ध्या किलोचा एक डबा, असे दहा डबे एका पेटीत, म्हणजे पेटी किती किलोची हे तिसरीच्या मुलानं जागेवर सांगितलं. पेट्या रॉटरडॅमला चालल्या होत्या, नेदरलँडला. शाळेत येऊन गोलावर दोरा लावला, न्हावाशेवा बंदरापासून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र आणि वर. दोरा कापून ठेवला. मग मी सांगितलं की २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले, म्हणून बरीच जहाजं आता आफ्रिकेला खालून वळसा घालून जातात, तर तो दोरा लावा. दुसरा दोरा पहिल्याच्या शेजारी धरला तर केवढा तरी लांब. एका मुलीनं विचारलं, "मग द्राक्षं नासत न्हाईत का?" म्हणजे ती लगेच मालावर आली, जहाजावर नाही. थंड कंटेनर, जास्तीचे दिवस, वाढलेलं भाडं, आणि मग घरी पप्पा दर पडला म्हणून का वैतागले होते, हे सगळं एका दोऱ्यातून निघालं. सुएझ कालवा १८६९ ला सुरू झाला हे मी नंतर सांगितलं आणि ते लक्षात राहिलं, कारण तोपर्यंत कालवा कशासाठी लागतो हे त्यांच्या हातात आलेलं होतं.

तुमच्याकडं द्राक्षं नाहीत, पण तुमच्याकडं वाशीचा काका आहे. त्याला सांगा गावी येताना फळांवरचे स्टिकर, पेट्यांवरची लेबलं आण. खर्च काहीच नाही. किराणाच्या पाकिटांवरचा पत्ता आणि पिनकोड पण वाचायला लावा, आपल्या जिल्ह्यांचे पिन ४१ नं सुरू होतात हे त्यांनीच शोधलं पाहिजे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, हे सांगितलं की मुलांना फार भारी वाटतं.

आणखी एक तुमच्याच बाजूचं. सप्टेंबरात कासच्या फुलांना लोक कुठून कुठून येतात, पश्चिम घाट २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि त्यात कास आहे. त्यातले बरेच खाली बामणोलीला लाँचसाठी, म्हणजे बोटीसाठी, उतरतात. ते तुमच्या मुलांचे फोटो काढत असणार. मुलांना चार प्रश्न तयार करून द्या, म्हणजे त्यांनाच करू द्या, आणि शिक्षक बरोबर असताना पर्यटकांना विचारू द्या, तुमच्या गावात पाणी कुठून येतं, तुमच्या शाळेत किती मुलं होती. बघायला आलेल्यांना मुलांनी बघितलं पाहिजे. भिलारचं पुस्तकांचं गाव पण तुमच्या तालुक्याला लागूनच आहे, ४ मे २०१७ पासून सुरू आहे, सहल कोकणात नेण्याआधी तिथं न्या.

इथपर्यंतचं थोडक्यात एवढंच, की आधी घरातल्या माणसाचा धागा धरायचा, मग तो जिथं जाईल तिथपर्यंत जायचं, आणि प्रश्न मुलांचे. हे चार-सहा महिने झालं की मग खुशाल परदेशी कॉल करा, तेव्हा त्यात जीव असेल.

कॉलचं व्यवहाराचं बघू. जुन्या लेखांमध्ये सगळीकडं स्काइपचं नाव सापडेल, ते मे २०२५ ला बंद झालं, त्याच्या मागं लागू नका. गूगल मीट किंवा झूम पुरतं. घड्याळ आधी बघा. आपण ब्रिटनच्या साडेपाच तास पुढं, त्यांच्या उन्हाळ्यात साडेचार, म्हणजे त्यांची सकाळची नऊची शाळा ही आपली दुपारची अडीच नाहीतर दीड. जपान आपल्या साडेतीन तास पुढं, त्यांच्याशी सकाळीच. अमेरिकेची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ उलटलेली, चौथीच्या पोरांना त्यासाठी शाळेत बसवून ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी रेकॉर्डिंग पाठवा. आणि इंग्रजीची अडचण म्हणताय तर अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा चालतात, सुट्टीच्या दिवशी, तिथली मुलं घरात मराठी कानावर पडूनही बोलायला अडखळतात. त्यांना तुमच्या मुलांचं मराठी पाहिजे असतं! तुमच्या दुसरीच्या मुलीनं कोंबडी कशी खुडूक बसते हे दोन मिनिटांत सांगितलेलं रेकॉर्डिंग तिथं धडा म्हणून ऐकवता येईल. आपली मुलं देणारी झाली की त्यांचा आवाजच बदलतो, मी बघितलंय. परदेशी शिक्षक शोधायला ओळखीतून जा, गावातलं कुणी ना कुणी बाहेर असतंच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हापासून बऱ्याच शिक्षकांना वाटतं की रोज एका देशाशी कॉल झाला पाहिजे, तसं काही नाही, वर्षात एकच शाळा धरा आणि तिच्याशीच तीन-चार वेळा बोला. ओळख दुसऱ्या वेळेला होते.

नेट गेलं तर? जाणारच. म्हणून चित्रं, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि पत्रं हा मुख्य भाग ठेवा, कॉल वरचा. पोस्टकार्ड ५० पैशाला मिळतं आणि त्याला रेंज लागत नाही.

एका बाबतीत मात्र कडक राहा. कॉलमध्ये मुलांचं फक्त पहिलं नाव, पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन काही नाही. पालकांची लेखी संमती घ्या, तोंडी नको, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. आणि कॉलचे फोटो मुलांच्या नावासकट दहा ग्रुपवर टाकू नका. साताऱ्यात घरोघरी फौजी आहेत, त्यांना बोलवायचा मोह होईल, तर नोकरीत असलेल्याला पोस्टिंग कुठं आहे हे मुलांनी विचारू नये, त्यापेक्षा रिटायर झालेले आजोबा बोलवा, ते लडाखची थंडी जास्त निवांत सांगतात.

शेवटचं एक विचारायचं होतं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि तिथून थोडं खाली टेंभूला ते उपसून आमच्या दुष्काळी तालुक्यांना येतं. तुमच्याकडं पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये, आमच्याकडं पाचशे-सहाशे, आणि आमच्या पोरांना पाऊस चार महिने थांबतच नाही हे खरंच वाटत नाही. माझ्या वर्गात १९ मुलं आहेत. ती तुमच्या मुलांना विचारतील की आमच्याकडं येणारं पाणी तुमच्याकडं कसं दिसतं. शाळेचा पत्ता मला मेसेजमध्ये पाठवा, पिनकोडसकट, सोमवारी पोस्टकार्डं टाकते.